जुन्या कथेतून नवी कलाकृती: प्रथमच लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एखादे जुने पुस्तक मनात घर करून राहिले की त्यातून आपणही काही लिहावे, रंगवावे किंवा रंगमंचावर आणावे अशी इच्छा होते, आणि त्याच वेळी आपल्या हातून केवळ नक्कल होईल अशी भीतीही वाटू लागते. कालिदासाने शकुंतलेची कथा महाभारताच्या आदिपर्वातून घेतली, आणि कालिदासाच्या नाटकावरून अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. दोघांनीही आपला आधार लपवला नाही आणि दोघांच्याही कृती स्वतंत्र ठरल्या. तेव्हा कथा उसनी घेण्यात कमीपणा नाही. मात्र जुन्या कथेवर प्रेम असणे एवढी शिदोरी नव्या कृतीला पुरत नाही; त्या कथेला विचारायचा एक स्वतःचा प्रश्न लेखकाजवळ असावा लागतो. पुढील सर्व पायऱ्या हा प्रश्न शोधण्यासाठी आणि सापडल्यावर तो हातून निसटू न देण्यासाठी आहेत. उदाहरणे प्रामुख्याने लेखनातली घेतली असली, तरी चित्रकार, नाटककार आणि संगीतकार यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल.

पायरी पहिली: अस्वस्थ करणारी कथा निवडा

आवडती कथा आणि कामाची कथा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जी कथा वाचून पूर्ण समाधान होते, तिच्यात आपल्याला घालण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. याउलट ज्या कथेचा शेवट पटत नाही, जिच्यातील एखाद्या पात्रावर अन्याय झाला असे वाटत राहते, किंवा जिच्यातील एखादा निर्णय अनेक वर्षांनंतरही समजत नाही, ती कथा आपल्यासाठी योग्य असते. निवड करताना चार-पाच कथांची नावे लिहून काढावीत आणि प्रत्येकीसमोर ‘मला इथे काय खटकते’ हे एका वाक्यात लिहावे. ज्या कथेसमोर असे वाक्य लिहिता येणार नाही, ती सध्या बाजूला ठेवावी.

पायरी दुसरी: मूळ संहितेपर्यंत जा

या पायरीवर नवे लेखक सर्वांत जास्त घाई करतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला एखादी जुनी कथा ‘माहीत आहे’ असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात आपल्या स्मरणात कीर्तने, बालपुस्तके, चित्रपट आणि मालिका यांतून आलेल्या अनेक आवृत्त्यांचे मिश्रण असते. लक्ष्मणरेषा हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. सीताहरणाचा प्रसंग त्या रेषेशिवाय आपल्याला कल्पितासुद्धा येत नाही. पण वाल्मीकिरामायणातील त्या प्रसंगात रेषा आखल्याचा उल्लेख नाही. ती नंतरच्या कथनांनी घातलेली भर आहे. जो लेखक मूळ प्रसंग वाचणार नाही, तो नंतरच्या कोणा कवीच्या कल्पनेलाच मूळ समजून तिच्याशी वाद घालत बसेल.

महाभारताबाबत ही काळजी अधिक घ्यावी लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अनेक हस्तलिखितांची तुलना करून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६ मध्ये ते काम पूर्ण झाले. तिच्यात काही अतिशय लोकप्रिय प्रसंग मुख्य संहितेत राहिलेले नाहीत. व्यासांनी सांगितलेले महाभारत गणपतीने लिहून घेतल्याची कथा त्यांपैकीच एक आहे. याचा अर्थ असा नव्हे की नंतर आलेले प्रसंग वापरू नयेत. ते खुशाल वापरावेत, कारण लोकांच्या मनातील कथा हीदेखील एक खरी कथा असते. मात्र आपण कोणत्या थरातून काय उचलत आहोत, हे लेखकाला स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

मूळ भाषा येत नसेल, तर एकाऐवजी दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचावेत. ज्या ठिकाणी दोन अनुवादक वेगळे शब्द वापरतात, तिथे बहुधा मूळ वाक्यातच संदिग्धता असते आणि अशी संदिग्धता लेखकाला फार उपयोगाची असते. पहिले वाचन सलग करावे आणि त्या वेळी काहीही टिपू नये. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मात्र वही जवळ असावी.

पायरी तिसरी: प्रसंगांची आणि मौनांची यादी करा

वहीच्या डाव्या पानावर कथेतील प्रसंग क्रमाने लिहावेत, प्रत्येकासाठी एकच वाक्य आणि त्यात केवळ कृती. विशेषणे आणि अभिप्राय टाळावेत. उजव्या पानावर त्या प्रसंगात काय सांगितलेले नाही, ते लिहावे. कोण उपस्थित होते पण बोलले नाही? कोणाला विचारले गेले नाही? दोन प्रसंगांमधल्या काळात काय घडले असेल? कोणत्या कृतीचे कारण दिलेले नाही? माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत उजवे पान हेच सर्वांत मोलाचे असते, आणि ते भरेपर्यंत नव्या कृतीचा एकही परिच्छेद लिहू नये.

अशा मौनातून काय निघू शकते, याचे उत्तम उदाहरण ययातीच्या कथेत मिळते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला राजा आपल्या पुत्रांकडे तारुण्य मागतो आणि धाकटा पुत्र पुरू ते देतो, अशी ही आदिपर्वातील कथा आहे. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ययाति’ या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली कहाणी स्वतः सांगू दिली, आणि भोगाला अंत आहे की नाही हा प्रश्न मध्यभागी ठेवला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक आले. तिथे नजर पुत्राकडे आणि त्याच्या पत्नीकडे वळते. पतीने आपले तारुण्य पित्याला देऊन टाकले, तर त्याच्या पत्नीचे काय, हे मूळ कथा विचारतच नाही. कार्नाडांनी चित्रलेखा हे पात्र स्वतः निर्माण करून तो प्रश्न तिच्या तोंडून विचारला. कथा एकच, काळ जवळजवळ एकच, तरीही दोन्ही कृती एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या आहेत, कारण दोन लेखकांना कथेतील दोन वेगवेगळ्या जागा रित्या दिसल्या.

पायरी चौथी: एकच प्रश्न ठरवा

उजव्या पानावर वीस-पंचवीस मौने जमली, तर त्या सर्वांना एकाच कृतीत उत्तर देण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्यांपैकी एक प्रश्न निवडून कागदाच्या वरच्या बाजूला लिहावा आणि काम संपेपर्यंत तो कागद समोर ठेवावा. प्रश्न ‘का’ किंवा ‘काय झाले असते’ या स्वरूपाचा असावा. ‘स्त्रियांची स्थिती’ किंवा ‘सत्तेचा मोह’ यांसारखे विषयाचे नाव म्हणजे प्रश्न नव्हे, कारण त्यातून कोणतेही पात्र कोणतीही कृती करायला निघत नाही.

एक उदाहरण सुरुवातीपासून करून पाहू. ससाण्याला भिऊन एक कबूतर राजाच्या आश्रयाला येते. ससाणा आपले भक्ष्य मागतो. राजा कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस द्यायला तयार होतो, पण मांस कितीही टाकले तरी कबुतराचे पारडे जडच राहते आणि अखेर राजा स्वतः तराजूत बसतो. तेव्हा ससाणा म्हणजे इंद्र आणि कबूतर म्हणजे अग्नी असल्याचे उघड होते आणि राजाचा गौरव होतो. ही कथा कुठे शिबी राजाच्या नावाने, तर कुठे उशीनराच्या नावाने सांगितली जाते. आता हिच्यातील मौने पाहा. तराजू कोणी धरला होता? राणी कुठे होती? एका पक्ष्यासाठी राजा देह देत असताना ज्या प्रजेचे रक्षण त्याच्यावर अवलंबून होते, तिला काय वाटले? ससाण्याचा दावाही खोटा नव्हता. भक्ष्य मिळाले नाही तर आपण मरू आणि आपल्यामागे आपली पिल्लेही मरतील, असे तो राजाला सांगतो, आणि त्या युक्तिवादाला राजाजवळ खरे उत्तर नाही.

या साऱ्यांतून मी एक प्रश्न निवडेन: ही परीक्षा नसतीच, ससाणा खरोखरच ससाणा असता, आणि शेवटी देव प्रकट झालेच नसते, तर राजाच्या कृतीला काय अर्थ उरला असता? हा प्रश्न हाती आला की कथा आपोआप हलू लागते. बक्षीस नाही, जखम भरून येणार नाही, आणि ज्याला वाचवले तो पक्षी उद्या पुन्हा कोणाच्या तरी तावडीत सापडू शकतो.

पायरी पाचवी: जुन्या कथेशी आपले नाते ठरवा

प्रश्न ठरल्यानंतर तो मांडण्याची रीत निवडायची असते. निवेदक बदलणे ही सर्वांत परिचित रीत आहे. शार्लट ब्राँटीच्या १८४७ मधील ‘जेन एअर’ या कादंबरीत नायकाची पहिली पत्नी वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली आहे आणि तिला स्वतःची बाजू मांडायला जागाच मिळत नाही. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांनी १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून त्याच स्त्रीचे पूर्वायुष्य उभे केले. दुर्लक्षित पात्राला आवाज देणे म्हणजे मूळ प्रसंग त्याच्या तोंडून पुन्हा वदवून घेणे नव्हे, हे या कादंबरीतून शिकण्यासारखे आहे. तिचा बराचसा भाग मूळ कथेच्या आधी आणि त्या माळ्याच्या घरापासून दूर घडतो.

काळ आणि परिसर बदलणे ही दुसरी रीत. ओव्हिड या रोमन कवीने सांगितलेल्या कथेत पिग्मॅलियन हा शिल्पकार स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि ती मूर्ती सजीव होते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी १९१३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात शिल्पकाराच्या जागी उच्चारशास्त्राचा प्राध्यापक आणि मूर्तीच्या जागी फुले विकणारी मुलगी आणली. नव्या स्थळी नेताना शॉ यांनी मूळ कथेचा सांधा, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला ‘घडवणे’, जसाच्या तसा ठेवला, आणि ओव्हिडने न विचारलेला प्रश्न विचारला: घडवून झाल्यावर त्या मुलीला स्वतःला काय हवे आहे? पुढे पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ लिहिताना हेच कथानक मराठीत आणले. ज्या नाटकाचा प्राणच एका विशिष्ट भाषेतील उच्चारभेदांत आहे, त्याचा शब्दशः अनुवाद अशक्य होता. त्यामुळे मराठीच्या बोलींमधील आणि त्यांना चिकटलेल्या प्रतिष्ठेमधील भेदांवर ते नाटक नव्याने रचावे लागले. काळ-स्थळ बदलू इच्छिणाऱ्याने हा धडा लक्षात ठेवावा: वेशभूषा आणि वाहने बदलून काहीच साधत नाही, मूळ कथेत ज्या सामाजिक शक्तीमुळे संघर्ष पेटतो, तिच्याइतकीच प्रबळ शक्ती नव्या स्थळी शोधावी लागते.

तिसरी रीत माध्यम बदलण्याची. ‘गीतरामायणा’त ग. दि. माडगूळकरांनी रामकथा छप्पन्न गीतांत मांडली, सुधीर फडके यांनी ती स्वरबद्ध केली आणि १९५५ पासून ती गीते पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. इथे कथानक जवळजवळ बदलत नाही. बदलते ते असे की प्रत्येक गीत त्या क्षणी त्या पात्राच्या मनात जे आहे तेवढेच धरून ठेवते, आणि महाकाव्यात पुढे सरकत जाणारा काळ गीतात काही क्षण थांबतो. माध्यम बदलताना नव्या माध्यमाला काय सहज जमते आणि काय मुळीच जमत नाही, याचा विचार आधी करावा.

आणखी एक रीत अशी की कथेत फारसे काहीही न बदलता ती अशा वेळी सांगायची की श्रोत्याला आपला वर्तमान तिच्यात दिसावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ मधील ‘कीचकवध’ नाटकातील पात्रे महाभारताच्या विराटपर्वातीलच होती. पण प्रेक्षकांना द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकात ब्रिटिश व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. ही रीत दिसते सोपी, पण प्रेक्षकाच्या मनात आधीच काय धुमसत आहे याची अचूक जाण असल्याशिवाय ती साधत नाही. नवशिक्याने सुरुवात निवेदक किंवा स्थळ बदलण्यापासून करावी, असे मी सुचवेन.

आपल्या उदाहरणाला या पायरीवर आणू. राजाच्या जागी मी एका आश्रयगृहाची प्रमुख कल्पितो. तिथली क्षमता संपलेली असताना ती आणखी एका व्यक्तीला आत घेते, आणि त्या व्यक्तीवर ज्याचा काही न्याय्य हक्क आहे असा माणूस दारात उभा राहतो. प्रमुख स्त्री त्याला नुकसानभरपाई म्हणून स्वतःचे काहीतरी देऊ करते. पहिल्यांदा दिलेले पुरत नाही, दुसऱ्यांदा दिलेलेही पुरत नाही. नावे गेली, पक्षी गेले, देव गेले. पण प्रत्येक वेळी आणखी मागणारे पारडे राहिले आहे, आणि तोच या कथेचा कणा आहे. तो काढला असता, तर मूळ कथेशी सांगितलेले नाते केवळ नावापुरते उरले असते.

पायरी सहावी: प्रत्येक बदलाची किंमत तपासा

महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो; शकुंतला त्याच्याशी दीर्घ आणि धारदार वाद घालते, आणि आकाशवाणी झाल्यावर राजा तिचा स्वीकार करतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. त्यामुळे राजाचा नकार विस्मरणातून आलेला ठरला, नायक प्रेक्षकांच्या प्रेमाला पात्र राहिला आणि विरहातील करुणेला जागा झाली. हा बदल विलक्षण प्रतिभेचा आहे यात शंका नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागली: जाणूनबुजून नाकारणाऱ्या राजाला जाब विचारणारी स्त्री त्या नाटकात पूर्वीइतकी उंच उभी राहत नाही, कारण तिच्यासमोरचा अपराधीच शापाआड गेला आहे.

आपल्या खर्ड्यातील प्रत्येक मोठ्या बदलासमोर दोन गोष्टी लिहाव्यात: या बदलाने काय मिळाले आणि काय गेले. गेलेली गोष्ट मिळालेल्या गोष्टीहून मोठी वाटली, तर तो बदल मागे घ्यावा. आश्रयगृहाच्या कथेत देव नाहीसे झाल्याने शेवटचा गौरव गेला, आणि तो जावा हीच माझी इच्छा होती. पण त्यांच्याबरोबर ‘कोणीतरी हे पाहत आहे’ ही भावनाही गेली. ती हवी असेल, तर दारातील प्रसंग पाहणारे एखादे मूल किंवा नोंदवही ठेवणारी कर्मचारी कथेत आणावी लागेल. मूळ कथेत तराजू कोणी धरला होता, या प्रश्नाचे उत्तरही कदाचित तिथेच सापडेल.

पायरी सातवी: पुस्तक मिटून लिहा

पहिला खर्डा लिहिताना मूळ पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवावे. ते शेजारी उघडे असले की वाक्यांची लय, प्रसंगांचा क्रम आणि विशेषणेसुद्धा नकळत उतरतात. जे स्मरणात राहिले आहे तेच आपल्यासाठी महत्त्वाचे आहे असे धरून चालावे. पौराणिक कथा लिहिताना भाषा आपोआप संस्कृतप्रचुर आणि जड होऊ लागते, तिच्याकडे विशेष लक्ष ठेवावे. राजा झाला म्हणून त्याने तहान लागल्यावर ‘जल’च मागावे असे नाही. खर्डा पूर्ण झाल्यानंतर मूळ पुस्तक पुन्हा वाचावे आणि तेव्हाच तपशील पडताळावेत.

पायरी आठवी: हक्क आणि श्रेय

प्राचीन कथांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, परंतु त्यांच्यावर आधारित आधुनिक कृतींवर आणि अनुवादांवर तो असतो, हा फरक नीट समजून घ्यावा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. अनेक देशांत ही मुदत सत्तर वर्षांची आहे. खांडेकरांचे निधन १९७६ मध्ये झाले. म्हणून ययातीची महाभारतातील कथा कोणालाही घेता येते, पण खांडेकरांच्या कादंबरीतील प्रसंगरचना आणि संवाद भारतात २०३६ अखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येत नाहीत. कायदा संरक्षण देतो ते कल्पनेला नव्हे, तर तिच्या विशिष्ट मांडणीला. मात्र ही सीमा प्रत्येक प्रकरणात स्पष्ट असतेच असे नाही.

केवळ नावे बदलल्याने बचाव होत नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून १९२२ मध्ये जर्मनीत ‘नोस्फेराटू’ हा मूकपट निघाला. निर्मात्यांनी पात्रांची नावे बदलली होती, पण परवानगी घेतली नव्हती. स्टोकरच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितली आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज पाहायला मिळतो. हक्काची मुदत न संपलेल्या कृतीवरून काही करायचे असेल, तर लिहायला बसण्यापूर्वीच प्रकाशकाकडे किंवा लेखकाच्या वारसांकडे लेखी परवानगी मागावी. काम पूर्ण झाल्यावर मागितलेली परवानगी नाकारली गेली, तर सारे कष्ट कपाटात पडून राहतात.

कायद्याने आवश्यक नसले तरीही आधाराचा उल्लेख करावा. कोणत्या ग्रंथातून आणि कोणाच्या अनुवादातून कथा घेतली, हे आरंभी किंवा अखेरीस दोन वाक्यांत सांगितले की पुरे होते. त्या उल्लेखात कथेचा अर्थ समजावून सांगू नये.

पायरी नववी: दोन प्रकारच्या वाचकांना द्या

खर्डा अशा एका वाचकाला द्यावा ज्याला मूळ कथा ठाऊक आहे, आणि अशा दुसऱ्याला ज्याला ती मुळीच ठाऊक नाही. दुसऱ्या वाचकाला आधी काहीही सांगू नये. वाचून झाल्यावर त्याला कथा स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. तो जिथे अडखळेल, तिथे आपण मूळ कथेच्या ओळखीवर विसंबून काहीतरी न लिहिता सोडून दिलेले असते, आणि ती जागा लिहून काढावी लागते. पहिल्या वाचकाला मात्र एवढेच विचारावे की हे वाचल्यानंतर मूळ कथेतील एखादा प्रसंग त्याला वेगळा दिसू लागला का. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर वाक्ये घासत बसण्यात वेळ घालवू नये; चौथ्या पायरीवर लिहिलेला प्रश्न पुन्हा हाती घ्यावा आणि तो खर्ड्यात नेमका कोणत्या प्रसंगानंतर हरवला ते पाहावे.

दुरुस्तीच्या वेळी मूळ कथेकडे बोट दाखवणारी वाक्ये शोधून काढावीत. पात्रांची सूचक नावे, ओळखीची चिन्हे आणि ‘जसे पूर्वी घडले होते’ या वळणाची विधाने पहिल्या खर्ड्यात आवश्यकतेपेक्षा जास्त येतात. त्यांतील बहुतेक वगळली तरी जाणत्या वाचकाला नाते कळतेच, आणि ज्याला मूळ कथा ठाऊक नाही त्याच्या वाचनात अडथळा येत नाही.